रुसलेलं प्लास्टर

दवाखान्याच्या मागच्या अंगाला, धोबीखान्याच्या पलीकडे, कृत्रिम पाय बनवायचं वर्कशॉप होतं. जगात इतरत्र प्लास्टर वाळतं, सुकतं, घट्ट होतं. या वर्कशॉपमध्ये ते रुसायचं.

नवीन माणूस पहिल्या दिवशी हमखास बावचळायचा. गुडघ्याखाली पाय गेलेला एखादा पेशंट स्टुलावर बसलेला असे. त्याच्या उरलेल्या पायाला ओली प्लास्टरची पट्टी गुंडाळलेली असे आणि समोर बुटक्या बाकड्यावर कानसताई बसलेली. ती पट्टीवर बोट दाबून म्हणायची, "नाही, अजून नाही रुसलं." थोड्या वेळानं पुन्हा बोट. मग एकदम, "रुसलं. चला, पाय सैल सोडा," असं म्हणून तो पांढरा साचा दोन्ही हातांनी अलगद ओढून काढायची. भेदरून बसलेला पेशंट हे ऐकून हसायचा. हसला की त्याची मांडी सैल पडायची आणि साचा कुठं न अडकता निघून यायचा. त्यामुळे त्या शब्दाचा निम्मा उपयोग प्लास्टरला होता आणि निम्मा पेशंटला.

कानसताईचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं होतं. हातात सदैव कानस, म्हणून कानसताई. साच्यात प्लास्टर ओतून पायाची जी प्रतिकृती निघते, ती घासून घासून माणसाच्या हाडामासाला सोसेल अशी करायची, हे तिचं काम. जीभही त्याच कानशीची आहे, हे नावाचं दुसरं कारण लोक तिच्या पाठीमागे सांगत. तिला ते ठाऊक होतं आणि तिची त्याला काही हरकत नव्हती.

तो शब्द तिथं कसा आला, ही गोष्ट अख्ख्या दवाखान्याला तोंडपाठ होती, कारण ती सांगायची एकही संधी कानसताईनं कधी वाया घालवली नाही. ती ऐकून ज्याच्या कपाळाला आठी पडायची असं माणूस सगळ्या दवाखान्यात एकच होतं, ते म्हणजे तिची लेक. लेक त्याच दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची.

गोष्ट अशी. वर्कशॉप नवं होतं तेव्हा तिथं अवजारं होती, भट्टी होती, पण भट्टी खोक्यातच होती आणि अवजारं कुणाला धरता येत नव्हती. अशात एका स्वयंसेवक कार्यक्रमातून एक परदेशी गृहस्थ आले. उंच, थोडे वाकलेले, भुवया पांढऱ्याफेक. आपल्या देशात त्यांनी जन्मभर पायच बनवले होते. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून बॅगेत कपड्यांपेक्षा कानशी जास्त भरून इकडे आले. आले होते काही महिन्यांसाठी, राहिले दोन वर्षं. पहिल्या दिवशी सगळे त्यांना पाहुणे म्हणाले, आणि जायच्या दिवसापर्यंत ते पाहुणेच राहिले. कानसताईच्या घराची वरची खोली त्यांना भाड्यानं दिलेली होती. ती स्वतः तेव्हा वर्कशॉपमध्ये पायांचे चामडी पट्टे शिवायची. कानस तिनं तोवर नीट पाहिलीही नव्हती.

पाहुण्यांनी भाषा एका पातळ पुस्तकातून शिकली होती. "हे फळ पिकले आहे काय?" असं ते सफाईनं विचारू शकत, पण वर्कशॉपमध्ये फळं नव्हती. म्हणून कानावर पडेल तो शब्द ते उचलायचे आणि दिसेल त्या वस्तूला लावून बघायचे.

एके दिवशी सकाळी ते खाली आले तर कानसताईची लेक, तेव्हा एवढीशी, दाराआड भिंतीकडे तोंड करून बसलेली. गाल टम्म फुगवलेले. आई तिला घरी ठेवून कामाला निघाली होती, एवढंच कारण.

"काय झालं?" पाहुण्यांनी विचारलं.

"काही नाही हो. रुसली."

"रुसली म्हणजे?"

आता रुसणं कुणाला समजावून सांगायचं, आणि तेही फळं पिकली का विचारणाऱ्या माणसाला? कानसताईला निघायची घाई होती. ती वाकली, लेकीच्या फुगलेल्या गालावर तिनं बोट दाबलं. लेक ढिम्म. पुन्हा दाबलं. लेक ढिम्मच.

"बघा. बोट लावलं तरी हलत नाही. आतून तापलेली, बाहेरून दगड. ही रुसली."

पाहुण्यांनीही पुढं होऊन एक लांबलचक बोट त्या गालाला लावून पाहिलं, गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाले, "रुसली."

त्याच दुपारी वर्कशॉपमध्ये सगळ्यांच्या देखत त्यांनी एका पेशंटच्या पायावरच्या प्लास्टरला बोट लावलं. प्लास्टर घट्ट होताना आतून ऊन होतं, तसं ते झालं होतं, आणि बोटाला आता दबत नव्हतं. पाहुण्यांनी सगळ्यांकडे वळून छातीठोकपणे जाहीर केलं, "रुसलं."

क्षणभर कुणाला काही कळेना. मग असा हशा उठला की पेशंटला दोघांनी धरून स्टुलावर ठेवावं लागलं. धोबीखान्यातली माणसं काय झालं बघायला आली. मोठ्या डॉक्टरांनी पाहुण्यांना समजावलं, अहो, घट्ट झालं असं म्हणायचं. पाहुण्यांनी तेही करून पाहिलं. पण बादलीत कालवलेलं प्लास्टरही घट्टच म्हणायचे आणि पायावरचंही घट्टच, त्यामुळे कोण कुणाबद्दल बोलतोय ते कळेना, आणि एक साचा वेळेआधीच ओढला जाऊन पार वेडावाकडा झाला. साचा पायावरून काढायची एक अचूक वेळ असते. आधी काढला तर आकार बिघडतो, उशीर केला तर तो पायाला धरून बसतो आणि पेशंट कावराबावरा होतो. त्या वेळेला भाषेत शब्दच नव्हता. पाहुण्यांच्या चुकीनं तो मिळाला, आणि मग डॉक्टरही गुपचूप रुसलं म्हणायला लागले.

कानसताईच्या हातात कानस दिली ती पाहुण्यांनीच. शिकवायची त्यांची एक रीत होती. शिकवताना ते दोन्ही हात पँटच्या खिशात घालून उभे राहत. समोरची बाई चुकतेय, आता नको तिथं घासणार, हे दिसत असलं तरी हात बाहेर काढत नसत. फार झालं तर भुवया वर जायच्या. एकदा तिनं चिडून विचारलं, "हात का नाही लावत तुम्ही? दोन मिनिटांत होईल." त्यावर ते म्हणाले, "माझे हात घरी जाणार. तुझे राहणार." त्यांचं व्याकरण त्या दिवशी चुकून बरोबर आलं होतं.

पाहुणे गेले, पुढं काही वर्षांनी वारल्याचंही कळलं. वर्कशॉप चालू राहिलं. कानसताईनं घासलेल्या पायांवर माणसं शेतात गेली, शाळेत गेली, एक तर लग्नात नाचला आणि पाय मोडून परत आला. मग तिनं त्याला दुसरा बनवून दिला, आणि वर चार शब्द सुनावलेही.

आणि एक दिवस तोच स्वयंसेवक कार्यक्रम पुन्हा दारात आला. या वेळी पाहुणा ठेवून घ्या असं सांगायला नव्हे, तर पाहुणी द्या असं म्हणायला. दूरच्या एका देशात असंच नवं वर्कशॉप उभं राहत होतं, तिथंही भट्टी खोक्यातच होती. श्रीमंत देशातला तज्ज्ञ पाठवण्यापेक्षा, जिनं अशाच खोक्यातून सुरुवात केली तिला पाठवावं, असं आता कार्यक्रमाच्या लोकांना वाटू लागलं होतं. दवाखान्यात सगळ्यांची छाती फुगली. कानसताईचा नवरा निवृत्त बस कंडक्टर. तो भेटेल त्याला सांगत सुटला, "जन्मभर मी दुनियेला तिकिटं फाडून दिली. आमच्या घरात पहिल्यांदा कुणाला तरी तिकीट मिळालंय, आणि तेही विमानाचं."

जाण्याआधी कानसताईनं एकच तयारी केली. कामावर घालायच्या सगळ्या डगल्यांना खोल खिसे शिवून घेतले.

ती तिकडं गेल्यावर लेकीला दिवस गेले. सगळा हिशेब करून बापानं परतीची तारीख ठरवली होती, बाळंतपणाच्या आधी आई परत येणार होती. पण पोटातल्या जिवाला तो हिशेब कुणी सांगितला नव्हता. तो घाई करून आला. जावई बाहेर व्हरांड्यात येरझारा घालत होता, आणि आत लेक फोन कानाला लावून विचारत होती, "आई, तू कुठंयस?" पलीकडून आवाज तुटक येत होता. कानसताई परत आली तेव्हा नातू माणसं ओळखून हसायला लागला होता.

लेक भांडली असती तर बरं झालं असतं, कारण भांडणात कानसताई कुणाला हार जात नसे. पण लेक भांडली नाही. ती घरी यायची, जेवायची, पोराला आजीच्या मांडीवर सोडून कामाला जायची. विचारलं त्याचं उत्तर द्यायची. आपण होऊन मात्र एक शब्द नाही. नातू आता दुडुदुडु पळत होता, तरी ते तसंच होतं. मधे एकदाच, भाजी चिरता चिरता, मान वर न करता ती म्हणाली होती, "तुझ्या सगळ्या पायांना तू वेळेवर सापडलीस. मलाच तेवढी सापडली नाहीस." आणि थोडं थांबून, "बरं, एवढं करून राहिलं काय तिथं?"

कानसताई परतल्यावर थोड्याच दिवसांत तिकडे मोठा पूर आला. वर्कशॉप बंद पडलं असं कळलं. तिचा सगळ्यात तयार शिष्य, रुंद खांद्यांचा एक सुतार, गाव सोडून गेला असं कळलं. त्यानंतर फोन लागेनासा झाला. एक अख्खं वर्ष, लेकीचं बाळंतपण, आणि हाती काय, तर चिखल. पाहुण्यांचे हात घरी गेले तेव्हा मागं कानसताई राहिली होती. आपण घरी आलो तेव्हा मागं काहीच राहिलं नाही, हे तिला इतकं टोचायचं की ती त्या देशाचा विषयच काढत नसे. जिला गोष्ट सांगायची एवढी हौस, तिनं ही एक गोष्ट गिळून टाकली होती.

म्हणून कार्यक्रमाचा समन्वयक जेव्हा वर्कशॉपमध्ये आला आणि आणखी एका देशात जाल का असं विचारू लागला, तेव्हा तिनं कानस खाली न ठेवताच सांगितलं, "नाही."

समन्वयक तरुण होता, नम्र होता, आणि स्वतः काही वर्षं त्या पुराच्या देशात स्वयंसेवक म्हणून राहून आल्यामुळे तिकडची भाषा त्याला येत होती. "ताई, आजच नाही म्हणू नका," तो म्हणाला. "आम्ही तुमचं ते वर्कशॉप शोधून काढलंय. पुरानंतर ते दुसऱ्या गावी हलवलं. उद्या व्हिडिओवर बघू. इथून तुमच्यासारखी माणसं पाठवत राहायचं की नाही, हे आता वरचे लोक ठरवणार आहेत. ते एकच प्रश्न विचारतात, माणूस परत आल्यावर तिथं काय राहतं?"

"तो प्रश्न आमच्या घरीही विचारतात," कानसताई म्हणाली.

वर्कशॉपमध्ये नेटवर्क पोचत नव्हतं. मोठा पडदा आणि कॅमेरा होता तो नोंदणीच्या खोलीत, आणि ती यंत्रणा चालवणारं माणूस म्हणजे लेक. दुसऱ्या दिवशी खिडकी बंद झाल्यावर तिथं चार खुर्च्या मांडल्या गेल्या. नवऱ्याला कुणी बोलावलं नव्हतं, तरी तो इस्त्रीचा शर्ट घालून हजर होता. "बिनतिकिटाचा परदेश, कोण सोडणार," असं म्हणून तो कोपऱ्यात टेकला. लेक बटणं दाबत होती. आईकडे तिनं पाहिलंही नाही.

पडद्यावर आधी नुसतीच करकर, मग एक खोली उमटली. पत्र्याचं छप्पर, पांढरा रंग दिलेल्या भिंती, पाण्याच्या पाइपांपासून केलेले, पेशंटनी धरून चालायचे दांडे. एका स्टुलावर एक आजोबा बसले होते, त्यांच्यासमोर चष्मा घातलेली एक तरुण मुलगी, आणि तिच्या मागं एक धिप्पाड बाई. कानसताईनं खुर्ची पुढं ओढून एकेक चेहरा न्याहाळला. त्यातला एकही तिच्या ओळखीचा नव्हता.

समन्वयकानं तिकडच्या भाषेत नमस्कार-चमत्कार केले, मग कानसताईकडे हात करून काही विचारलं. चष्मेवालीनं पडद्याजवळ येऊन डोळे बारीक केले आणि मान हलवली. मागच्या बाईनंही मान हलवली.

"त्या म्हणतात, आम्ही यांना ओळखत नाही," समन्वयक जरा ओशाळून म्हणाला. "या मुलीला मागच्या बाईंनी शिकवलं. त्या बाईंना एका सुतारानं शिकवलं. तो आता आणखी पुढच्या एका गावात असतो."

"सुतार? तिथं काय करतो तो?"

"तिथं त्यानं दुसरं वर्कशॉप काढलंय म्हणे."

लेक पडद्याकडे बघतच हळूच म्हणाली, "म्हणजे तुला तिथं कुणी ओळखतच नाही."

शब्दांत विखार नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागले. कानसताईनं पदर सारखा केला आणि काम बघायला लागली, कारण काम समोर असलं की दुसरं काही बघणं तिला जमत नसे. मुलीनं पट्टी पाण्यात बुडवली. बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहिली. "बरोबर," कानसताई पुटपुटली. मुलीनं पट्टी हलकी पिळली, खालून वर गुंडाळत गेली, प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर. गुडघ्याच्या वाटीखाली दोन्ही अंगठे दाबून धरले. तिथं अंगठे जरा वर गेले होते. कानसताईचे हात आपोआप उचलले गेले आणि तिनं ते मांडीवर आवळून धरले. पडद्यातल्या धिप्पाड बाईलाही ते दिसलं असावं, कारण तिच्या भुवया वर गेल्या. पण ती जागची हलली नाही. मुलीनं स्वतःच अंगठे खाली सरकवले.

तेव्हा कानसताईनं त्या बाईकडे नीट पाहिलं. बाईनं निळा डगला घातला होता. डगल्याला दोन खोल खिसे होते आणि बाईचे दोन्ही हात त्यात होते.

"अहो," कानसताई नवऱ्याला म्हणाली, "तिचे हात बघा."

"बघतोय," नवरा म्हणाला. तो आता टेकलेला राहिला नव्हता.

स्टुलावरचे आजोबा घाबरलेले दिसत होते. मुलगी त्यांच्याशी काहीबाही बोलत होती. तिनं प्लास्टरवर बोट दाबलं, मान हलवली. थोडं थांबून पुन्हा दाबलं. आजोबांनी वाकून काळजीनं तिला विचारलं, आणि त्या सगळ्या अनोळखी भाषेच्या मधे एक शब्द लख्ख ऐकू आला.

"रूऽसलं?"

मुलीनं तिसऱ्यांदा बोट दाबलं, हसली.

"रूऽसलं," ती म्हणाली, आणि साचा दोन्ही हातांनी अलगद ओढून काढला.

समन्वयक आधी पडद्याकडे बघत राहिला, मग कानसताईकडे, मग त्यानं घाईघाईनं पलीकडे काहीतरी विचारलं. मुलीनं नवल वाटल्यासारखं उत्तर दिलं. ते बरंच लांबलं. बोट दाबून दाखवलं, गाल फुगवून दाखवला नाही, कारण ते तिला माहीतच नव्हतं.

"मी विचारलं, हा कुठला शब्द," समन्वयक म्हणाला. "ती म्हणते, हा प्लास्टरचा शब्द आहे. बोटाला उत्तर देईनासं झालं की असं म्हणायचं. सुताराच्या गावीही असंच म्हणतात. ती म्हणते, सगळ्या देशांत असंच म्हणत असतील ना? तुमच्याकडे काय म्हणतात?"

आपण तो शब्द तिकडं कधी शिकवल्याचं कानसताईला आठवतच नव्हतं. तिकडची भाषा तिला धड येत नव्हती, त्यांना हिची येत नव्हती, हातांनी आणि मानेनं वर्ष निघालं होतं. काम करता करता तोंडातून जे निघत होतं ते निघत होतं. तेच त्यांनी उचललं, जसं कधी पाहुण्यांनी उचललं होतं. पूर आला, जागा गेली, माणसं पांगली, तिचं नाव तर केव्हाच वाहून गेलं. शब्द मात्र पाय फुटल्यासारखा गावोगाव चालत होता, आणि जिथं तो पोचला होता तिथं साचा बरोबर वेळेला निघत होता. तिला अभिमान वाटला. असा अभिमान तिला विमानात बसताना वाटला नव्हता, दवाखान्यानं सत्कार केला तेव्हाही वाटला नव्हता. पाहुणे असते तर खिशातले हात त्यांनी आज पहिल्यांदा बाहेर काढले असते, असं तिला वाटलं.

"ताई, काय सांगू त्यांना?" समन्वयकानं पुन्हा विचारलं.

"सांगा, आमच्याकडेही रुसलंच म्हणतात."

हे कानसताई बोलली नव्हती. लेक उठून पडद्यासमोर आली होती. आवाज ताठ होता. "आणि सांगा त्यांना, तो शब्द माझा आहे. मी लहान असताना आई मला घरी ठेवून कामाला निघाली, म्हणून मी रुसले होते. त्यावरून आलाय तो."

समन्वयकानं सांगायला सुरुवात केली. दाराआडचा कोपरा, पाहुणे, फुगलेला गाल, त्याला सगळं पाठ होतं, कारण कानसताईनं त्यालाही सोडलं नव्हतं. पलीकडे मुलीचं तोंड हळूहळू उघडत गेलं. मग तिनं मागं वळून कुणाला तरी हाका मारल्या. बाजूच्या खोलीतून माणसं धावत आली, हाताला प्लास्टर लागलेली, एकाच्या हातात कानस, एक जण अर्धवट जोडलेला पाय काखेत धरून. सगळी पडद्याला खेटून उभी राहिली. कानसताईकडे कुणीच बघत नव्हतं. जिच्या रुसण्यावर त्यांचं वर्कशॉप चालत होतं, ती बाई त्यांना बघायची होती. स्टुलावरचे आजोबासुद्धा एका पायावर उठून मान वळवत होते. लेकीनं एकदम साडीच्या निऱ्या सारख्या केल्या.

"त्या विचारतात, या ताईंच्या आई आम्हाला भेटायला येतील का," समन्वयक म्हणाला. विचारताना त्याची नजर कानसताईवर होती.

कानसताईनं लेकीकडे पाहिलं. नाही हा शब्द कालपासून तयार होता, तो फक्त उच्चारायचा होता.

"येईल ती," लेक म्हणाली. "त्यांच्याकडे जाऊन, मग तो दुसरा देश. पण तारखा आता बाबा नाही, मी ठरवणार."

"घ्या," कोपऱ्यातून नवरा म्हणाला, "माझं कंडक्टरचं कामही गेलं."

पलीकडून चष्मेवालीनं आणखी काहीतरी विचारलं आणि तिथली सगळी माणसं हसली. समन्वयकही हसला, सांगू की नको अशा विचारात पडला, मग म्हणाला, "ती विचारतेय, त्या अजून रुसलेल्या आहेत का?"

लेकीनं झटकन तोंड फिरवलं, भिंतीकडे. अगदी तश्शीच, जशी दाराआड बसली होती. कानसताई खुर्चीतून उठली. इतक्या दिवसांत धाडस झालं नव्हतं, ते आता झालं. पुढं होऊन तिनं लेकीच्या गालावर बोट दाबलं, आणि थोडा वेळ ते तसंच ठेवलं.

"नाही," ती पडद्याकडे बघून म्हणाली. "सांगा त्यांना, अजून ओलं आहे."